टोळीचं इमान आणि म्होरक्याची उधारी: वेअरवुल्फ थरारकथेतली टोळी कशी उभी करावी

म्होरक्या गुरगुरतो, बारा धिप्पाड लांडगे माना खाली घालतात आणि लेखकाला वाटतं, निष्ठा दाखवून झाली. प्रत्यक्षात दिसते ती फक्त शिस्त, आणि शिस्त पगारी पहारेकऱ्यांतही असते. वाचकाला धाकधूक लागते ती वेगळ्या गोष्टीने. या बारा जणांतल्या प्रत्येकाने मान खाली घालण्यासाठी काहीतरी मोजलंय आणि त्यातल्या एकाला आता ते परवडेनासं झालंय, हे त्याला कळलं की तो पान उलटतो.

म्हणून टोळीकडे उधारीच्या वहीसारखं बघा. कोण कुणाचं काय देणं लागतो, हे एकदा पक्कं झालं की निम्मं कथानक आपोआप सुचतं. या वहीत सगळ्यात मोठी उधारी म्होरक्याच्या नावावर असते. ही एक गोष्ट सांभाळली तर बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात.

आधी ठरवा: दार उघडं की बंद

‘अल्फा’, म्हणजे झुंजून सगळ्यांवर वरचढ ठरलेला म्होरक्या, ही कल्पना लोकप्रिय कशी झाली, हे माहीत असलं की पुढचे निर्णय सोपे जातात. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या लांडग्यांना कुंपणात एकत्र ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यात वरच्या जागेसाठी सतत चुरस दिसली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती कल्पना सगळीकडे पोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं निरीक्षण करत अनेक उन्हाळे घालवले आणि 1999 मध्ये स्वतःच्याच जुन्या मांडणीला छेद दिला. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पोरं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडून जोडीदार शोधायला निघतात. बापाला हरवून गादी मिळवायची त्यांना गरजच नसते.

कथालेखकाने यातून एवढंच उचलायचं: सोडून जाता येत असेल तर टोळी घरासारखी वागते, जाता येत नसेल तर कैदखान्यासारखी. थरारकथेला दुसरा पर्याय जास्त मानवतो, पण दार कशाने बंद झालंय हे पहिल्या पन्नास पानांत ठोस दिसलं पाहिजे. बाहेर शिकारी आहेत म्हणून? रूपांतराच्या रात्री एकट्याला शुद्ध राहत नाही, कुणीतरी धरून ठेवावं लागतं म्हणून? की सगळ्यांनी मिळून एक खून पचवलाय आणि एक जण सुटला तर बाकीचे अडकतील म्हणून? यातलं तिसरं कारण सगळ्यात कसदार, कारण ते कुलूप टोळीने स्वतःच घातलेलं असतं. तीनही एकदम वापरू नका. एक मुख्य ठेवा, दुसरं गरज पडली तर पाठीमागे.

सगळ्यात जास्त रंगते ती मिश्र टोळी. म्होरक्याला वाटतं हे घर आहे, धाकट्यांना तो कैदखाना वाटतो, आणि पुराव्याच्या दृष्टीने दोघंही बरोबर असतात.

माणसं किती आणि वही कशी भरायची

टोळीत सात ते नऊ जण पुरेत. वाचकाच्या डोक्यात ठसठशीत राहतात ती चार-पाच नावं. बाकीच्यांना एकेक खूण द्या (लंगडा, गाणारा, सतत दाराजवळ बसणारी) आणि त्यांची नावं उशिरा सांगा. पहिल्या प्रकरणातच अकरा जणांची ओळख परेड झाली तर वाचक मागे पानं उलटत बसतो आणि तिथेच ताण सांडतो.

आता एक कागद घ्या आणि प्रत्येक नावासमोर चार रकाने आखा. टोळीने याला काय दिलं? याने टोळीसाठी काय गमावलं? टोळीबाहेर याचं कोण आहे? आणि कुठला हुकूम हा मोडेल? चौथा रकाना कुणाच्याही बाबतीत रिकामा सोडायचा नाही. ‘काहीही झालं तरी ऐकेल’ असं एखाद्यापुढे लिहावंसं वाटलं, तर ते पात्र अजून तयार झालेलं नाही असं समजा.

नमुन्यादाखल तिघं घेऊ. मालती म्होरकी आहे. रघू तिचा उजवा हात, अकरा वर्षांपासूनचा. नितीन सगळ्यात धाकटा, गेल्या हिवाळ्यात चावा बसून आलेला. रघूच्या पहिल्या रूपांतरात मालतीने त्याला तीन रात्री धरून ठेवलं, त्यात तिचा एक डोळा गेला. हे टोळीने रघूला दिलेलं. त्याबदल्यात रघूने बायकोला आपण मेलो असं समजू दिलं. ती अजून हयात आहे, हा तिसरा रकाना. चौथा रकाना: तिला इजा होईल असा हुकूम तो मोडेल. आता नितीनला चावणारं कोण होतं, हे मालतीला माहीत असून तिने लपवलंय एवढी एक ओळ तिच्या नावासमोर लिहा. कथा सुरू झाली.

मालतीचा गेलेला डोळा दोन बाजूंनी काम करतो, हे इथे थांबून बघण्यासारखं आहे. रघूसाठी तो न फिटणारा उपकार आहे. मालतीसाठी ती डाव्या बाजूची आंधळी जागा आहे, आणि तिथे नेहमी रघू उभा राहतो. म्होरक्याच्या शरीरावर टोळीची उधारी अशी दिसली की निवेदनात ‘ती टोळीसाठी जीव द्यायला तयार होती’ असलं वाक्य लिहावं लागत नाही.

हुकूम चालतो कसा

अनेक कादंबऱ्या इथेच मार खातात. म्होरक्याचा शब्द जादूने बांधत असेल आणि कुणालाच मोडता येत नसेल, तर टोळीत निष्ठाही उरत नाही आणि फितुरीही. कळसूत्री बाहुलीवर कोण कशाला संशय घेईल? दुसऱ्या टोकाला, हुकुमाला काहीच बळ नसेल तर टोळी आणि मित्रमंडळ यांत फरक राहत नाही.

मधला मार्ग म्हणजे हुकुमाला मर्यादा आणि किंमत लावायची. तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःपुरती लिहून ठेवा.

पहिला प्रश्न अंतराचा. हुकूम ऐकू आल्याशिवाय लागू होत नाही असं ठरवलं, तर निसर्ग तुमच्या मदतीला येतो. लांडग्याची आरोळी जंगलात सुमारे दहा किलोमीटर आणि उघड्या माळावर सुमारे सोळा किलोमीटरपर्यंत पोचू शकते. शब्द मात्र हाकेच्या अंतरापलीकडे जात नाहीत. म्हणजे लांबून ‘या’ म्हणता येतं, पण ‘उत्तरेच्या वाटेने या, पुलावर शिकारी आहेत’ म्हणता येत नाही. टोळी इमानाने धावत येते आणि इमानानेच सापळ्यात सापडते.

दुसरा प्रश्न शब्दार्थाचा. हुकूम अक्षरशः पाळला तर चालतो का? चालत असेल तर फट मिळाली. ‘कुणाला सांगायचं नाही’ म्हटलं तर लिहून दाखवता येतं. ‘त्याला हात लावायचा नाही’ म्हटलं तर दार उघडं ठेवून निघून जाता येतं. अशा फटी एका पुस्तकात दोनच वापरा. तिसरीला वाचक वकिली ओळखतो.

तिसरा प्रश्न किमतीचा. जबरदस्तीचा हुकूम दिला की म्होरक्याचं काय जातं? ज्याला वाकवलं त्याची वेदना तिलाही होते, किंवा पुढच्या रूपांतरात तिचं भान उशिरा परततं, काहीही चालेल. फक्त ते मोजता आलं पाहिजे. पूर्ण कादंबरीत असा हुकूम तीनदा येऊ द्या: पहिल्यांदा योग्य कारणासाठी, दुसऱ्यांदा घाईत, तिसऱ्यांदा स्वार्थासाठी. तिसऱ्या वेळी टोळीतलं कुणीतरी ‘का’ विचारतं आणि त्याला उत्तर मिळत नाही. खुर्ची डळमळायला तिथून सुरुवात होते, झुंज खूप नंतरची.

कायदे

तीन बस. एक बाहेरच्यांबद्दल, एक आपसांतल्या रक्ताबद्दल, एक म्होरक्याला बांधणारा. तिसरा बहुतेक जण विसरतात, आणि त्याविना म्होरक्या नुसता गुंड होतो. पहिल्या चतुर्थांशात वाचकाला आवडणाऱ्या पात्राकडून एक कायदा मोडवा आणि शिक्षा टाळू नका. ‘या वेळी माफ’ असं झालं की पुढची दोनशे पानं कुणीही कशालाच घाबरत नाही.

चंद्राचं वेळापत्रक

अमावास्या-पौर्णिमा ठाऊक असणारे लेखकही मध्यरात्री नुकती उगवलेली पौर्णिमा लिहून बसतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात उंच असतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आदल्या आणि दुसऱ्या रात्रीही नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ पूर्ण दिसतो, त्यामुळे तीन रात्रींचं रूपांतर सहज पटतं. शुक्ल पक्षातली बारीक कोर संध्याकाळीच मावळते, ती अर्ध्या रात्री खिडकीतून डोकावू शकत नाही. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात हिवाळ्यातली पौर्णिमा उंचावरून जाते आणि जास्त तास आकाशात राहते, उन्हाळ्यातली क्षितिजालगत सरकून लवकर मावळते. म्हणजे तिथे एकाच टोळीला डिसेंबरात जूनपेक्षा खूप लांब रात्र काढावी लागेल. हा तपशील फार कमी जण वापरतात.

कॅलेंडरचं एक पान काढून त्यावर कथेचा प्रत्येक दिवस लिहा. दोन पौर्णिमांची कादंबरी सहसा घट्ट बसते: पहिली सुरुवातीच्या पाचव्या भागात, दुसरी कळसाला. मधले एकोणतीस दिवस म्हणजे टिकटिकणारं घड्याळ. वेग आणि अंतरंही याच पानावर मांडा. लांडगा दुडक्या चालीने ताशी आठेक किलोमीटर बराच वेळ जाऊ शकतो, ताशी साठपर्यंतची धाव मात्र थोडा वेळच टिकते. रघू चाळीस किलोमीटरवरच्या गावाला जाऊन पहाटेपर्यंत परत येऊ शकतो का, हे गणित आधी करा. फितुरीची शक्यता अशा साध्या भागाकारावर अडते किंवा सुटते.

चंद्रच हवा अशी सक्ती मात्र नाही. जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये 1589 मध्ये पीटर स्टुम्प नावाच्या माणसाला नरलांडगा ठरवून मारलं गेलं. छळाखाली घेतलेल्या त्याच्या कबुलीजबाबात सैतानाने दिलेला कंबरपट्टा आहे, तो बांधला की लांडगा. पट्टा किंवा कातडं ही जुन्या युरोपीय समजुतींमध्ये वारंवार येणारी वस्तू आहे. निष्ठेच्या कथेला ती फार सोयीची, कारण वस्तू चोरता येते, लपवता येते, दुसऱ्याच्या हवाली करता येते. प्रत्येकाचं कातडं म्होरकीच्या कुलपात असलेली टोळी कल्पून बघा. तिथे हुकुमाला जादू लागणारच नाही.

फितूर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फितूर लोभी किंवा दुष्ट असला तर तो उघडा पडल्यावर वाचक ‘बरं’ म्हणून पुढे जातो. तो आधीपासून दुसऱ्या कशाशी तरी इमान राखून होता असं निघालं, तर वाचक मागे जाऊन वाचतो. रघू बायकोशी इमान राखतोय. त्याला टोळी बुडवायची नाहीये. एक जागा, एक वेळ, एवढंच त्याने सांगितलंय आणि त्यातून कुणी मरणार नाही याची त्याला खात्री आहे. ती खात्री चुकीची ठरते.

सुगावे तीन ठेवा, साधारण वीस, पंचेचाळीस आणि पासष्ट टक्क्यांवर. प्रत्येकाची दोन स्पष्टीकरणं हवीत, त्यातलं निरागस स्पष्टीकरण आधी सुचलं पाहिजे. पहिला सुगावा वासाचा असू शकतो: रघूच्या अंगाला साबणाचा वास येतो. तो नदीवर जाऊन आला म्हणतो, आणि खरंच आलेला असतो. वासावर जगणाऱ्या टोळीत एक अडचण असते, ती लक्षात ठेवा. सगळ्यांना सगळंच हुंगता येत असेल तर खोटं लपणारच नाही. तेव्हा नाकालाही मर्यादा लावा. भीतीचा वास येतो, पण कशाची भीती ते कळत नाही. फितूर घाबरलेला आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या आठवड्यात घाबरलेले तर सगळेच असतात.

आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक असं हत्यार आहे जे फुकट मिळालंय: तू आणि तुम्ही. टोळीत कोण कुणाला अरे-तुरे करतं याचा तक्ता आधीच करून ठेवा आणि तो कधीही सहज मोडू नका. मग एकदाच मोडा.

कच्चा मजकूर साधारण असा असतो:

‘पूर्वेची वाट रघू बघेल,’ मालती म्हणाली. रघूच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकून गेलं. मालतीला ते दिसलं नाही.

डोळ्यांत चमकणारं ‘काहीतरी’ म्हणजे लेखकाने दाखवलेलं बोट. त्यापेक्षा हे बघा:

मालतीने नकाशावर बोट ठेवलं. ‘पूर्वेची वाट रघू बघेल.’
‘बघतो,’ रघू म्हणाला. ‘तुम्ही निवांत राहा.’
नितीनने मान वर केली. मालती नकाशाची घडी घालत होती. घडी चुकीच्या रेषेवर पडली, तिने उलगडून पुन्हा घातली.

अकरा वर्षं ‘तू’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणाला. आदर वाढलाय असं कुणालाच वाटणार नाही, दुरावा वाढलाय हे कळेल. आदल्या रात्री तिने त्याला चारचौघांत झापलेलं असेल, तर वाचक म्हणेल, रागावलाय. हे निरागस स्पष्टीकरण. खरं कारण असं की, ज्या बाईला आपण आज रात्री विकणार आहोत तिला ‘तू’ म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. नितीनने मान वर केली एवढं पुरे, त्याच्या मनात काय आलं ते लिहू नका. मालतीला कळलंय की नाही, हे घडीवर सोडून द्या.

फितुरी उघड झाल्यावर लांब कबुलीजबाब टाळा. दोन-तीन वाक्यं, त्यातलं एक अपुरं. वाचकाकडे सुगावे आहेत, जुळवाजुळव त्यालाच करू द्या.

गादीची झुंज

झुंज सहाशे ते नऊशे शब्दांत आटपा आणि त्यातले निम्मे शब्द बघणाऱ्यांवर खर्च करा. कोण जिंकतं हे जबड्यावर ठरलं तर ती मारामारी. रिंगणातले सात जण कुठे उभे आहेत यावर ठरलं, तर ते राजकारण. सुरुवातीला प्रत्येकाची जागा पक्की करा. मग मधे एकाला एक पाऊल सरकू द्या, फक्त एक. मालतीच्या आंधळ्या बाजूला जी जागा अकरा वर्षं रघूची होती ती आज मोकळी आहे. तिथे कुणी येऊन उभं राहतं का, यावर सगळं प्रकरण तोलता येतं.

सत्तापालट नेहमी दोघांच्या झुंजीतूनच होतो असंही नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ड्रुइड पीक नावाच्या टोळीत 40 क्रमांकाची मादी वरचढ होती आणि आपल्या बहिणीला, 42 क्रमांकाच्या मादीला, ती वारंवार झोडपायची. 2000 च्या मे महिन्यात 40 जबर जखमी अवस्थेत सापडली आणि मेली. 42 आणि टोळीतल्या इतर माद्यांनी मिळून तिच्यावर उलटा हल्ला केला असावा, असा निरीक्षकांचा निष्कर्ष आहे. त्यानंतर 42 ने स्वतःच्या पिल्लांसोबत 40 ची पिल्लंही वाढवली. आव्हान नाही, रिंगण नाही, एक रात्र आणि बऱ्याच जणींचा संपलेला धीर. थरारकथेसाठी हा साचा रिंगणातल्या झुंजीपेक्षा सरस आहे, कारण तो कधी येईल ते सांगता येत नाही.

जखमा लगेच भरून येत असतील तर झुंजीत धोका उरत नाही. भरण्याचा वेग आकड्यात ठरवा: मांसाला एक रात्र, हाडाला आठवडा, गेलेला अवयव कधीच नाही. मालतीचा डोळा परत आलेला नाही, त्यामुळे तुमचा नियम वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

हे प्रकरण गाळलं जातं, कारण कळस होऊन गेलेला असतो. पण नवा म्होरक्या खरा ठरतो तो इथे. प्रेत कोण उचलतं, कोण मदतीला येत नाही, पहिला हुकूम कुणाला आणि कसला, हे हजारेक शब्दांत दाखवा. पहिला हुकूम क्षुल्लक असू द्या, पाणी आणण्याइतका. तो पाळायला लागलेला वेळ वाचक स्वतः मोजेल.

मग ती वही पुन्हा काढा आणि नव्या तारखेने भरा. जुनी उधारी मेलेल्याबरोबर बुडत नाही, ती वारसाच्या नावावर चढते. मालती गेली असेल तर नितीनला कुणी चावलं हे गुपित आता कुणाकडे आहे, ते लिहून ठेवा. फेरलेखनात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एवढंच तपासा की वहीतली निदान एक नोंद बदलली का. जिथे बदलली नसेल ते प्रकरण बहुधा नुसतं धावपळीचं असतं, आणि ते शेजारच्या प्रकरणात विरघळवता येतं. नितीनच्या नावासमोरचा चौथा रकाना मात्र या वेळी पेन्सिलने भरा. पुढचा भाग लिहायचा झाला तर खोडरबर आधी तिथेच लागेल.